शब्दचर्चा : स्विचमधली ‘वर्गवारी’ की ‘प्रतवारी’?

लातूरकर : आयटीआयच्या पोरांसाठी नेटवर्क स्विचवर, म्हणजे संगणक-फोन एकमेकांना जोडणाऱ्या डब्यावर, मराठीत टिपण लिहायलोय. आलेलं पॅकेट (माहितीचा तुकडा) फोनवरच्या बोलण्याचं की फाइल डाउनलोडचं, हे स्विच ओळखतो. त्या ‘क्लासिफिकेशन’ला मी ‘प्रतवारी’ लिहिलं. सोबतचे सर म्हणतात, चुकलं. कसं काय?

मोंढेकरी : सर बरोबर आहेत. मोंढ्यात सोयाबीनची प्रतवारी होते ती ओलावा, माती, डागी दाणे बघून. माल चांगला की वाईट, हा तिथला सवाल. स्विच पॅकेटचा कस बघत नाही. कुठून आलं, कुठल्या पत्त्यावर चाललं, माथ्यावर खूण कोणती, एवढंच. ती वर्गवारी. नुसते ढीग पाडायचे.

लातूरकर : पण खूण तर वर-खालीच असते की! व्हीलॅन टॅगमध्ये, म्हणजे पॅकेटला लावलेल्या चिठ्ठीत, त्यासाठी ३ बिट, म्हणजे ० ते ७ आकडे.

गोदाकाठ : तिथंच फसगत होते दादा. नेहमीच्या मांडणीत १ हा ०च्याही खाली असतो, बिनघाईच्या कामांसाठी. आयपी हेडरमध्ये, म्हणजे पत्ते लिहिलेल्या पॅकेटच्या माथ्यावर, खुणेला ६ बिट, म्हणजे ६४ आकडे; आवाजाला सहसा ४६. पुढं जायला पॅकेटं स्विचमध्ये रांगांत थांबतात; कोणत्या आकड्याला कोणती रांग, हे स्विचमधला तक्ता ठरवतो. आकडा म्हणजे प्रत नव्हे, पोत्यावरचा मार्का. ‘मार्किंग’ला मी ‘मार्का मारणे’च म्हणेन.

मोंढेकरी : मार्का झकास! आणि ‘ट्रस्ट’ला ‘विश्वास’ नका लिहू, ‘मानणे’ लिहा. हा पोर्ट (स्विचवरची केबल लावायची जागा) मार्का मानतो, तो मानत नाही. न मानणाऱ्या पोर्टवर आलेला मार्का सहसा पुसून ० होतो. नाहीतर कुणीही आपल्या गेमच्या पॅकेटवर ४६ मारून पुढं घुसेल.

लातूरकर : बरं, आणि ‘प्रायॉरिटी’? प्राधान्य की अग्रक्रम?

गोदाकाठ : वरची रांग रिकामी होईस्तोवर खालच्यांनी थांबायचं, तिथं अग्रक्रम. वरची रांग भरतच राहिली तर खालचे उपाशी मरतात, हेही पोरांना सांगा. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक रांगेला ठरलेला वाटा मिळतो, कुणाला जास्त, कुणाला कमी. जायकवाडीच्या कालव्यावरचे लोक पाण्याची ‘पाळी’ म्हणतात, तोच शब्द घ्या.

लातूरकर : वर्गात ‘पाळी’ म्हटलं की मागची बाकं हसतील.

गोदाकाठ : मग ‘पाणीपाळी’ म्हणा. पण एक ओळ जरूर टाका : लिंक, म्हणजे पुढं जाणारी जोडणी, मोकळी असली तर यातल्या कशाचाच फरक कळत नाही. रांग लागते ती दाटी झाल्यावरच.