सल्ला हवा: १९९१ ची मियाटा, १.६ लिटर. टर्बो बसवावा की इंजिन जपावं?

घाटवाट (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९१ ची माझदा मियाटा (छोटी दोन सीटची उघड्या टपाची गाडी) आहे. मूळ १.६ लिटर इंजिन, पाच गिअर, दीड लाख मैलांच्या आसपास चाललेली. ऑफिसला नेत नाही. शनिवार-रविवारी स्कायलाइन, तिथून हायवे ८४ ने ला होंडा, आणि अधूनमधून विलोजच्या थंडरहिल ट्रॅकवर. गाडीवर जीव आहे, विकण्याचा प्रश्नच नाही.

अडचण अशी की स्कायलाइनच्या चढावर वळणातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये दम कमी पडतो. ट्रॅकच्या सरळ पट्ट्यात तर सगळेच पुढे निघून जातात. कंपनीचा आकडा ११६ हॉर्सपॉवरचा, तोही गाडी नवी असतानाचा.

डोक्यात चार गोष्टी घोळताहेत: आहे त्याच इंजिनावर कमी बूस्टचा (कमी दाबाचा) टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, जुना सुपरचार्जर किट (तेच काम इंजिनाच्या पट्ट्यावर करणारा) मिळाला तर तो, इंजिनच बदलून १.८ लिटरचं टाकणं. किंवा ताकदीचा नाद सोडून फक्त ब्रेक, टायर, सस्पेन्शन. खर्चाची तयारी सहा-सात हजार डॉलरची आहे. अट एकच. दिवसभर ट्रॅकवर पळवायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने अडीच तासांवरच्या घरी यायचं. ट्रेलर नाही, आणि ठेवायला जागाही नाही.

कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब, पीएसआयमध्ये) तपासून घेतलंय: १७५, १७२, १७४, १६८. तेल पीत नाही. सकाळी थंड असताना वरच्या बाजूने टिकटिक येते, थोड्या वेळाने जाते.

अनुभवी लोकांनी सांगावं.

स्पॅनर (पुणे)

कॉम्प्रेशन झकास आहे, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. टिकटिक हायड्रॉलिक लिफ्टरची (व्हॉल्व्हमधली फट तेलाच्या दाबाने भरून काढणारे छोटे भाग), या इंजिनात ती असतेच. तेल भरल्यावर गप्प होतात, त्याची काळजी नको.

मी मियाटावर काम केलेलं नाही, पण छोटी जपानी इंजिनं उघडण्यात आयुष्य गेलंय, आणि चेन्नईच्या ट्रॅकवर मे महिन्यात गाड्या उभ्या केल्यात. त्यावरून सांगतो. तुम्ही ताकदीचा प्रश्न विचारताय, पण तुमच्या अटीचं उत्तर उष्णतेत आहे. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलचा साधारण तिसरा हिस्सा चाकाला मिळाला तरी पुष्कळ. उरलेला कूलंट, तेल आणि एक्झॉस्टमधून बाहेर काढावा लागतो. ११६ चे १८० केले की ही बाहेर काढायची उष्णताही त्याच पटीत वाढते. रेडिएटर मात्र ११६ साठीच बनवलेला.

मियाटात तर याची एक जुनी गोम आहे. हे इंजिन मुळात माझदा ३२३ च्या घराण्यातलं, म्हणजे आडवं बसणारं. त्यात पाणी इंजिनाच्या एका टोकातून शिरून हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) दुसऱ्या टोकातून बाहेर पडायचं. मियाटात इंजिन उभं बसवलं आणि थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) पुढच्या टोकाला आणला. पंप पुढे, पाण्याची बाहेर पडायची मुख्य वाटही पुढेच. त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरकडे प्रवाह कमी राहतो. रस्त्यावर हे जाणवतही नाही. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं साडेसहा हजार आरपीएमच्या आसपास ठेवलंत की हेडचं ते टोक आधी तापतं. म्हणून लोक थर्मोस्टॅट परत मागे नेतात. काहीही ठरवलंत तरी हे काम आणि चांगला ॲल्युमिनियमचा रेडिएटर पहिल्या खर्चात धरा. जुन्या रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळी सोडून तपकिरी-हिरवट दिसायला लागली असेल तर ती कधीही तडकेल.

आणि डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यभागीच उभा राहतो, हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा मीटर लावा.

अनुजा_सॅनहोजे

माझी १९९२ ची आहे, १.६ वर छोटा टर्बो. त्यामुळे हे सगळं रोज बघते. चाकांवर १७० हॉर्सपॉवरच्या आसपास मिळतात. रस्त्यावर गाडी अक्षरशः वेगळी वाटते, ते सुख नाकारणार नाही. पण तुमच्या अटीत ती बसत नाही, आणि का ते नीट सांगते.

इंजिन फुटेल ही भीती सगळ्यांना असते. माझं इंजिन ठणठणीत आहे. त्रास देतात त्या आजूबाजूच्या गोष्टी. सगळ्यात जास्त टर्बो आणि मॅनिफोल्ड (इंजिनातून एक्झॉस्ट गोळा करणारा भाग) जोडणारे स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे. एक्झॉस्ट लालबुंद होतं, गाडी पिटमध्ये येऊन थंड होते, पुन्हा लालबुंद. या ताणात नट हळूहळू सैल होतात. आधी ॲक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स-फुस्स असा बारीक आवाज येतो, मग गॅसकेट जळते, आणि दुर्लक्ष केलंत तर स्टड मधोमध तुटतो. साधे काढून इन्कोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे) स्टड आणि लॉकिंग प्लेट लावल्यावर बरंच थांबलं, तरी प्रत्येक ट्रॅक दिवसानंतर मी पाना घेऊन बसतेच.

दुसरं, डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअर). १.६ ला सहा इंची येतो, तो या टॉर्कपुढे टिकत नाही. १९९४ पासून १.८ च्या गाड्यांना सात इंची आला, तो हवा. त्याबरोबर ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्टही त्याच गाडीचे लागतात. तिसरं, क्लच. चौथं, तुमच्या १.६ ला नॉक सेन्सर नाही, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकलं (नॉकिंग) तर इंजिनाला कळत नाही. आपल्या कॅलिफोर्नियात पंपावर ९१ ऑक्टेनच्या वर सहसा मिळत नाही. विलोजला उन्हाळ्यात पारा ४० च्या घरात, पेट्रोल ९१, आणि नॉकिंग ऐकायला कान नाहीत असं इंजिन. ट्यूनिंग करणाऱ्याने मोह आवरून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) राखलं तरच पिस्टन वाचतात. मूळ झडपेचा एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) काढून प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) बसवणं ओघाने आलंच.

या सगळ्याची बेरीज तुमच्या सात हजारांत बसवायला गेलात तर कूलिंग किंवा क्लचवर काटछाट होणार. नेमकी तिथेच गाडी रस्त्यात उभी राहते.

आणि स्मॉग, म्हणजे कॅलिफोर्नियाची प्रदूषण तपासणी! किटला कार्बचा (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे परवानगी क्रमांक नसेल तर बॉनेट उघडताक्षणी नापास. काही जुन्या सुपरचार्जर किट्सना तो आहे. विकत घेण्यापूर्वी नंबर बघा, आणि तो तुमच्या वर्षाच्या गाडीला लागू आहे का हेही.

रेडिंगकर (इंग्लंड)

अनुजाताईंना अनुमोदन, थोडा इतिहास जोडतो. आमच्याकडे १९९० च्या सुमारास बीबीआर या कंपनीचा टर्बो किट माझदाच्या डीलरकडून वॉरंटीसकट मिळायचा. कंपनीच्या नावावर जबाबदारी असताना त्यांनी १५० बीएचपीवर थांबवलं होतं. पुढे २००४ मध्ये माझदाने स्वतः माझदास्पीड मियाटा काढली. १४२ वरून १७८ हॉर्सपॉवर, म्हणजे वाढ फक्त ३६ ची. तेवढ्यासाठी सहा गिअरचा बॉक्स, दणकट क्लच आणि मागपर्यंत सगळे शाफ्ट मजबूत केले. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाच ३६ घोड्यांसाठी एवढं करावंसं वाटलं, हे मला फार बोलकं वाटतं.

अजून एक, आणि हे टर्बोपेक्षा तातडीचं. तुमची गाडी १९९१ ची, म्हणजे क्रँकचं (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड असण्याची शक्यता आहे. १९९० च्या गाड्या आणि १९९१ मधल्या सुरुवातीच्या काही गाड्यांना ते होतं. त्या टोकावरच्या पुलीचा बोल्ट कधी नीट आवळला गेला नाही तर पुली जागी धरणारी चावी आणि तिची खाच झिजते, पुली डुलते, टायमिंग हलतं आणि शेवटी क्रँक जातो. बोनेट उघडून पुलीच्या तोंडावरच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब.

कोल्हापुरी_पाना

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. सरळ पट्ट्यात लोक पुढे जातात म्हणून इंजिन बदलायचं का? ही गाडी एक टनाच्या आत आहे. तिची मजा वळणात आहे. चांगले टायर, नवे डँपर, ब्रेकचं ताजं डीओटी ४ आणि एखाद्या शिकवणाऱ्याला शेजारी बसवून दिवस घालवा. लॅपची वेळ टर्बोपेक्षा त्याने जास्त उतरेल. फुकटातलं एक काम: मूळ टायमिंग १० अंश असतं, प्रीमियम पेट्रोलवर १४ पर्यंत नेतात. चढावर खालच्या आरपीएमला फरक कळतो. स्मॉगला जाताना मात्र कंपनीच्या १० वरच असायला हवं.

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन पुली बघितली. चार खाचा. बोल्ट आवळलेला आहे, इंजिन चालू असताना पुली अजिबात डुलत नाही. पण बघितल्यापासून त्या इंजिनावर पैसे घालायचं मन होत नाहीये.

कोल्हापुरी दादा, राग कसला, टायर आणि शिकवणी दोन्ही पटलं. पण चढावरचा दम हवाच आहे, ते खोटं बोलणार नाही.

सॅक्रामेंटोला १९९५ ची १.८ ची गाडी विकायला आहे. मागून ठोकलेली, पण चालू स्थितीत, टॉर्सन (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणाऱ्या) डिफरन्शियलसकट. अख्खी गाडी घेऊन इंजिन, डिफरन्शियल, ब्रेक सगळं माझ्या गाडीत आणावं का? १.८ चा आकडा १२८ आहे. बारा घोड्यांसाठी एवढा खटाटोप वेडेपणा तर नाही ना?

स्पॅनर (पुणे)

वेडेपणा नाही. बारा हा आकडा साडेसहा हजार आरपीएमचा. चढावर तुम्हाला लागतो तो मधल्या आरपीएमचा टॉर्क, आणि तिथे दोनशे सीसी जास्त असल्याचा फायदा सतत मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारांवर पाय दाबलात की कळेल. आखूड क्रँकची धास्ती जाते, ती वेगळीच. अपेक्षा मात्र तेवढीच ठेवा. टर्बोसारखा धक्का पाठीला बसणार नाही. शिवाय १.८ च्या डिफरन्शियलचं गिअर गुणोत्तर ४.१० असतं, तुमचं ४.३०. म्हणजे वाढलेल्या ताकदीतला थोडा भाग गिअरिंग खाईल. ते मला मान्य आहे, कारण टिकाऊपणा त्या बदल्यात मिळतो.

ब्रेक जरूर आणा. १.६ च्या पुढच्या डिस्क २३५ मिलिमीटरच्या, १.८ च्या २५५ च्या.

इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचं-मागचं ऑइल सील, क्लच, आणि पाण्याची वाट मागे नेण्याचं काम उरकून घ्या. बसवल्यावर फायरवॉलला हात खरचटत तेच करावं लागतं. हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सरची छोटी ओ-रिंग (रबरी कडी) असते, ती दोन-चार डॉलरची. कडक झाली की तेल ठिबकून खालच्या हीटरच्या पाइपांवर पडतं आणि रबर फुगतं. आत्ताच बदला.

अनुजा_सॅनहोजे

कायद्याची बाजू: कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं लागतं आणि त्याची प्रदूषणाची सगळी सामग्री बरोबर लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईसीयू, एअरफ्लो मीटर, कोळशाचा डबा (पेट्रोलची वाफ शोषणारा), सगळं १९९५ चंच. मग स्मॉग रेफरीकडे (इंजिन बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या सरकारी केंद्राकडे) तपासून घ्यायचं, ते दरवाजाजवळ लेबल लावतात. म्हणून अख्खी गाडी मिळतेय हे सोन्याहून पिवळं, वायरिंगसकट सगळं एकाच गाडीचं. १९९६ च्या पुढचं इंजिन घेतलं असतंत तर ओबीडी-२ चा (गाडीच्या स्वतपासणी यंत्रणेचा) गुंता वाढला असता.

एक बारीक गोष्ट. १९९५ पासून ऑइल प्रेशरचा काटा नावापुरता आहे, दाब आहे किंवा नाही एवढंच दाखवतो. तुमच्या १९९१ चा खरा दाब दाखवतो. तुमचा मीटर आणि तुमचाच सेंडर (मीटरला दाब कळवणारा सेन्सर) नव्या इंजिनावर ठेवा. ट्रॅकवर लांब वळणात तेल एका बाजूला गेलं तर तोच सांगेल.

रेडिंगकर (इंग्लंड)

आणि उरलेले पैसे लगेच टर्बोकडे वळवू नका. एक उन्हाळा असंच चालवा. नंतर वाटलंच, तर १.८ चा पाया टर्बोसाठी केव्हाही बरा, डिफरन्शियल तर आलेलाच असेल. तेव्हाही एचपीपेक्षा टॉर्कवर मर्यादा घाला. कनेक्टिंग रॉड वाकतात आणि पाच गिअरच्या बॉक्समधले दात तुटतात ते खालच्या आरपीएमला येणाऱ्या मोठ्या टॉर्कने.

घाटवाट

ठरलं मग. शनिवारी सॅक्रामेंटोला जातोय. तिथे नेमकं काय बघू? विकणारा म्हणतो इंजिन उत्तम आहे.

स्पॅनर (पुणे)

आधी फोन करून सांगा की आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून थंड आहे ना ते बघा. तेलाच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसतो का, कूलंट गंजका आहे का, ते पाहा. सुरू केल्यावर एक्झॉस्टमध्ये निळा धूर येतो का बघा, आणि टिकटिक किती वेळात थांबते ते ऐका. मग गरम झाल्यावर कॉम्प्रेशन घ्या, विकणाऱ्यासमोर. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चारांत एक वेगळा पडला तर सोडून द्या.

अनुजा_सॅनहोजे

शनिवारी मीही तिकडेच आहे. कॉम्प्रेशन गेज आणि बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत बघायचा छोटा कॅमेरा) घेऊन येते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नऊच्या आत पोहोचू, नंतर ऊन चढतं.