गाझातल्या कुटुंबासाठी निधी : जमला किती, पोचला किती?

निशिगंध
मेलबॉक्स साफ करताना मे २०२४ चा एक स्क्रीनशॉट हाती लागला. राफाच्या (गाझा-इजिप्त सीमेवरच्या) नाक्यावरून दुसऱ्या दिवशी बाहेर पडणाऱ्यांची यादी. तशी यादी रोज रात्री लागायची. मग ७ मेला इस्रायली सैन्याने राफाची गाझाकडची बाजू ताब्यात घेतली आणि याद्या थांबल्या.

डब्लिन, लंडन, टोरांटो, न्यू जर्सीत बसून गाझातल्या कुटुंबांसाठी ऑनलाइन निधी चालवलेले इथे बरेच आहेत. काही जण पुण्यात शिकून परत गेलेल्या गाझाच्या मुलांमुळे यात पडलेले. कृपया आपापली कहाणी नको, काय चाललं आणि कुठे अडलं तेवढं लिहा. अजूनही लोक नव्याने निधी काढतात आणि त्याच खड्ड्यात पडतात.

सुरुवात मी करते. तेव्हाचा दर: कैरोच्या 'हला' प्रवास कंपनीकडून त्या यादीत नाव लावायचं तर मोठ्या माणसाचे ५,००० डॉलर, १६ च्या आतल्या मुलाचे २,५००. युद्धाआधी हेच काम काहीशे डॉलरमध्ये होई. याला तिथे 'तन्सीक' म्हणतात, म्हणजे समन्वय. (शब्द बघा किती सोज्वळ.) आई, वडील, आजी, तीन मुलं म्हणजे २२,५००. नोंदणी कैरोच्या ऑफिसात सख्ख्या नातेवाइकाने जाऊन करायची, पैसे रोख डॉलरमध्ये. तेव्हा निधीआधी कैरोत माणूस हवा.

पहिली चूक इथेच होते. २२,५०० हवेत म्हणून लक्ष्यही २२,५००. गोफंडमी (लोकांकडून ऑनलाइन निधी जमवायची साइट) अमेरिकेत प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के अधिक ३० सेंट कापते. २० डॉलरच्या देणगीत ८८ सेंट जातात, म्हणजे ४.४ टक्के. ५ डॉलरच्या देणगीत जवळजवळ ४५ सेंट, म्हणजे ९ टक्के. सरासरी देणगी २० ची धरली तरी २२,५०० हातात पडायला साधारण २३,५४० जमावे लागतात. हे फक्त पहिल्या टप्प्याचं.

वाटाड्या
+१. हिशेब नेहमी शेवटच्या माणसाच्या हातापासून मागे करत यायचा.

गाझात आत पैसे पाठवायचे तर हे आणखी बोचतं. ऑक्टोबर २०२३ पासून नव्या नोटा आत जाणं बंद, बँकांच्या शाखा मोडलेल्या, एटीएम नाहीत. खात्यात पैसे येतात पण त्यांची रोकड करून देणारा दलाल कमिशन कापतो. २०२४-२५ मध्ये ३० ते ४० टक्के सर्रास होतं, मधूनमधून त्याहून वर.

कुटुंबाला हातात ३०० हवेत, कमिशन ४०. लोक ३०० वर ४० टक्के चढवून ४२० पाठवतात. हातात पडतात २५२. ३०० ला ०.६ ने भागा, ५०० पाठवा. हे एवढं लिहून भिंतीला चिकटवा.

कैरीपन्हे
रोकड का करायची पण? तिथे मोबाइल वॉलेट आहेत ना?

वाटाड्या
आहेत. पालपे, जव्वाल पे, शिवाय बँक ऑफ पॅलेस्टाइनचं अ‍ॅप. दुकानदार घेत असेल तर उत्तम, थेट त्यालाच द्यायचे. पण बरेच दुकानदार अ‍ॅपने देणाऱ्याला भाव चढा लावतात, आणि भाजीवाला, गाढवगाडीवाला, पाण्याचा टँकर यांना रोख लागते. बरं, रोख म्हणजे शेकेलच्या (तिथे चालणाऱ्या इस्रायली चलनाच्या) त्याच जुन्या नोटा हातोहात फिरून लक्तरं झालेल्या. फाटकी नोट दुकानदार घेत नाही. १० शेकेलचं नाणं घासलेलं असेल तर तेही नाही. नोटा चिकटवून, पुसून देणारे लोक बाजारात बसतात, तो धंदाच झालाय. म्हणून कुटुंबाला आधी विचारा की अर्धे वॉलेटवर चालतील का. सगळ्याची रोकड करायची गरज नसते.

लीनाताई_डब्लिन
पोळ्या टाकता टाकता लिहितेय, चुका माफ.

गोफंडमी भारतात किंवा पॅलेस्टाइनमध्ये चालत नाही. ज्या देशात चालतं तिथलं बँक खातं असलेला माणूस लागतो. तो पैसे काढतो आणि पुढे पाठवतो. निधी तपासणीसाठी अडकतो तो याच सांध्यावर. मजकुरात पहिल्या दिवसापासून पाच गोष्टी स्पष्ट लिहा: तुम्ही कोण, कुठे राहता, कुटुंबाशी नातं काय, पैसे कशाला, आणि त्यांच्यापर्यंत कसे पोचणार. पाचवी सगळे गाळतात. 'त्यांना पाठवणार' हे उत्तर चालत नाही. 'माझ्या खात्यातून कैरोतल्या त्यांच्या सख्ख्या भावाच्या खात्यात, दरमहा, भाडं आणि औषधांसाठी' असं लागतं.

बाहेर पडण्यासाठी जमवले आणि दार बंद झालं, तर गुपचूप तेच पैसे पिठावर खर्च करू नका. आधी अपडेट टाका, ज्याला परत हवेत त्याला परत मागू द्या. बहुतेक कोणी मागत नाही, पण विचारलेलं असावं.

निशिगंध
आणि नाव!! अरबी नाव चार भागांचं: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, घराण्याचं. पासपोर्टवर चारही, बँकेत कधी तीन, तुम्ही पाठवताना दोन. पैसे परत. मुहम्मदची इंग्रजी स्पेलिंगं तर मोजायलाच नकोत. पासपोर्टच्या फोटोवरून एकेक अक्षर बघून उतरवा, ऐकून लिहू नका.

खडूस
एका कुटुंबासाठी एवढा उपद्व्याप? संस्थेला द्या की. पीसीआरएफ (पॅलेस्टाइनच्या मुलांसाठीची मदत संस्था) आहे, मेडिकल एड फॉर पॅलेस्टिनियन्स आहे, यूएनआरडब्ल्यूए (पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था) आहे. हिशेब तपासलेला, पावती मिळते.

लीनाताई_डब्लिन
द्या ना, दोन्हीकडे द्या. पण संस्था अमुक घराचं भाडं भरत नाही, तमक्या आजीला नाक्यापार नेत नाही. पावतीचं मात्र बरोबर. व्यक्तीला दिलेल्या पैशावर करसवलत जवळपास कुठेच नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगा.

अवली
भारतातून द्यायचं असेल तर काय? यूपीआय चालतं का

सनदी_काका
नाही चालत. थेट निधीच्या पानावर क्रेडिट कार्डाने द्यायचं, आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून. वर फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनाचं शुल्क) आणि त्यावर जीएसटी. पानावर 'टिप'ची पट्टी असते ती आपोआप पुढे सरकवलेली दिसते, ती ऐच्छिक आहे, शून्यावर ओढता येते.

मोठी रक्कम बँकेतून पाठवायची तर एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना. माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा, फॉर्म ए२, पॅन. व्यक्तीला भेट असेल तर कोड एस१३०२, परदेशी धर्मादाय संस्थेला असेल तर एस१३०३. चुकीचा टाकला की फोन येतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक आधीच घेते तो कर). वेस्टर्न युनियनच्या काउंटरवर जाऊ नका, आपल्याकडे ती एमटीएसएस योजना फक्त आत येणाऱ्या पैशांसाठी आहे.

आता महत्त्वाचं. 'सगळ्यांनी मला यूपीआय करा, मी एकत्र पाठवतो' हे करू नका. नात्यात नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट आली की वरचे नव्हे, सगळेच पैसे तुमचं करपात्र उत्पन्न समजले जाऊ शकतात. शिवाय एलआरएस ही ज्याची त्याची सवलत आहे, दुसऱ्यांचे पैसे आपल्या नावावर पाठवायची सोय नाही. ज्याने त्याने स्वतःच्या कार्डाने द्यावं. कंटाळवाणं आहे पण तेच बरं.

अवली
काका _/\_ मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायलाच निघालो होतो

सनदी_काका
काढ, फक्त त्यात लिंक टाक. क्यूआर नको.

टेम्स_काठी
क्यूआरवरून आठवलं, ई-सिम (कार्डाविना, क्यूआरने फोनमध्ये बसणारं सिम). विषयांतर वाटेल पण नाही. फोन बंद असेल तर ना व्हिडिओ कॉल, ना वॉलेट, ना यादी. इजिप्तच्या मिरना अल हेलबावी यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ही ई-सिम दान करायची मोहीम सुरू केली, तेव्हापासून बरीच कुटुंबं यावर आहेत.

ठेच कुठे लागते ते सांगते. आपण क्यूआरचं चित्र पाठवतो. त्यांच्याकडे एकच फोन. तोच फोन स्वतःच्या स्क्रीनवरचा क्यूआर स्कॅन कसा करणार? म्हणून क्यूआरखाली दिलेला सर्व्हरचा पत्ता आणि अ‍ॅक्टिव्हेशन कोड मजकूर म्हणून पाठवा, ते हाताने भरतील. सिम बसवायलाच थोडं इंटरनेट लागतं, तेव्हा शेजाऱ्याचा हॉटस्पॉट मिळेल ती वेळ ठरवून घ्या. डेटा रोमिंग चालू करायला सांगा, हे दहातले आठ विसरतात. आयफोन असेल तर एक्सएस किंवा एक्सआरच्या आधीचा चालत नाही. इस्रायलचं किंवा इजिप्तचं नेटवर्क पकडतं, त्यासाठी गच्चीवर किंवा उंचवट्यावर जावं लागतं, आणि तिथे जाणं धोक्याचं. सारखं 'फोन का नाही उचलला' विचारू नका. क्यूआर ग्रुपवर टाकू नका, पहिला घेईल त्याचं होतं. डेटा संपायच्या आधी तुमच्याच अ‍ॅपमधून टॉप-अप करा, संपून मुदत गेली तर नवीन सिम, पुन्हा तीच सगळी यातायात.

कैरीपन्हे
खरं कुटुंब की खोटं, हे कसं ओळखता? एकाच मुलीचा फोटो तीन निधींवर बघितलाय.

वाटाड्या
फोटो उलटा शोधा (रिव्हर्स इमेज सर्च), जुना असेल तर सापडतो. व्हिडिओ कॉलवर आधी न सांगितलेलं काहीतरी करायला सांगा, आजची तारीख कागदावर लिहून दाखवा वगैरे. कुटुंबाच्या स्वतःच्या सोशल मीडिया खात्यावर निधीची लिंक आहे का पाहा, नुसती निधीच्या पानावरून त्यांच्या खात्याकडे लिंक असणं पुरेसं नाही. ओळखपत्राचा ९ अंकी क्रमांक तुम्ही बघा, पण पानावर टाकताना काळा करा. तंबूचं नेमकं ठिकाणही नको.

आणि 'पैसे पोचले, धन्यवाद' म्हणून हातात नोटा धरलेला फोटो अजिबात मागू नका. कोणत्या तंबूत रोकड आहे हे जगाला सांगितल्यासारखं होतं. पावती वॉलेटची घ्या, तारीख झाकून, दोन आठवड्यांनी टाका.

मेपलमावशी
टोरांटो. आमचा कॅनडाचा मार्ग ९ जानेवारी २०२४ ला उघडला होता (२०२५ मध्ये बंद झाला), नातेवाइकांसाठी तात्पुरता व्हिसा. १,००० अर्जांची मर्यादा मे महिन्यात ५,००० केली. पण गाझातून बाहेर काढणं सरकारच्या हातात नव्हतं, आणि बोटांचे ठसे द्यायचे कैरोत. म्हणजे व्हिसासाठी आधी कैरो, कैरोसाठी तन्सीक. ज्यांनी निधीत फक्त विमानाचं तिकीट धरलं ते मधेच अडकले.

आजाऱ्याचं वेगळं, तिथे पैशाने नंबर वर सरकत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरची शिफारस, आरोग्य मंत्रालयाची समिती, मग जागतिक आरोग्य संघटना, इस्रायलची परवानगी आणि घेणारा देश. कोणी 'दोन हजार द्या, नाव वर घेतो' म्हणाला तर सरळ फोन ठेवा. निधी ठेवायचा सोबत जाणाऱ्या माणसाच्या राहण्या-जेवणासाठी.

निशिगंध
कैरोत पोचल्यानंतरचं कोणी लिहिलंच नाही. तिथेच निधी आटतो, देणाऱ्यांना वाटतं सुटले बिचारे.

साधारणपणे ४५ दिवसांचा शिक्का. तो संपला की राहण्याचा परवाना नाही, म्हणून बँक खातं नाही, रीतसर नोकरी नाही, सरकारी शाळा नाही. यूएनआरडब्ल्यूए इजिप्तमध्ये काम करत नाही आणि यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची दुसरी निर्वासित संस्था) त्यांची नोंद घेत नाही, दोन्हीकडून हात वर. मुलांसाठी रामल्लाच्या (पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या) शिक्षण खात्याचे ऑनलाइन वर्ग आहेत, त्याला फोन नाही तर टॅब्लेट लागतो, तीन मुलांना एक पुरत नाही. नस्र सिटी किंवा फैसल भागात घर घ्यायचं तर पहिल्या महिन्याच्या भाड्यासोबत 'तअमीन' म्हणजे अनामत. कुटुंबाचं नाव करारात घेताना मालक का-कू करतो.

निधी एकदम देऊ नका. १२ भाग करा, पहिला मोठा (अनामत, गाद्या, शेगडी, चष्मे, चष्मे हमखास विसरतात, निम्म्या लोकांचे वाटेत फुटलेले असतात). ६ मार्च २०२४ ला इजिप्तचा पाउंड एका दिवसात डॉलरला ३१ वरून ५० च्या आसपास घसरला. सगळे पैसे आदल्या आठवड्यात पाउंडात करून ठेवले असते तर एक तृतीयांशाहून जास्त किंमत गेली असती. डॉलर ठेवा, लागतील तसे मोडा.

टेम्स_काठी
शिक्का संपलेला पासपोर्ट बघून पैसे देणाऱ्या काउंटरवर नकार मिळू शकतो. परवाना असलेला एक नातेवाईक आधीच ठरवून ठेवा. रोख घेऊन जाणाऱ्यांनो, युरोपीय संघातून निघताना १०,००० युरो किंवा जास्त असतील तर जाहीर करा, निमूटपणे.

अवली
मंडळाच्या दिवाळी मेळ्यात वड्यांचा स्टॉल लावून पैसे उभे करायचा बेत आहे (लंडनच्या ताईच्या मंडळात, मी सल्लागार). १०० वड्यांना किती बटाटे?

लीनाताई_डब्लिन
५ किलो बटाटे, दीड किलो बेसन, तळायला ३ लिटर तेल. पण पाटीवर अ‍ॅलर्जीची यादी लावायची, त्यात मोहरी येते! फोडणीत मोहरी आहेच. सुक्या चटणीत शेंगदाणे आणि तीळ, तेही यादीतले. आणि बेसन म्हणून 'ग्लूटेन फ्री' लिहाल तर फसाल, हिंगाच्या डबीत बरेचदा गव्हाचं पीठ असतं. डबी वाचा.

सनदी_काका
मंडळ धर्मादाय म्हणून नोंदलेलं असेल तर पैसे मंडळाच्या खात्यात घेऊ नका. मंडळाच्या उद्देशात बसत नसेल तर विश्वस्तांना ते एका कुटुंबाला देता येत नाहीत. कार्ड मशीनही मंडळाचं नको. टेबलावर निधीचीच लिंक ठेवा.

खडूस
वड्यासोबत तळलेली मिरची असेल तर येतो.

लीनाताई_डब्लिन
मिरची यादीत नाही, या :) पण देणगी मोठी नोट, एकदाच. पाच-पाचच्या चार देऊ नका, वर ४५ सेंटचं गणित वाचलंत ना?