शोल्डर-इन उजवीकडे जमतच नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी घोडी ९ वर्षांची, डावीकडे शोल्डर-इन (पुढचे खांदे थोडे आत घेऊन भिंतीलगत तिरकं चालणं) मस्त करते पण उजवीकडे नुसती मान वाकवते, खांदा आत येतच नाही आणि ट्रॉटचा (दुडक्या चालीचा) ठेकाही मंदावतो. परवाच्या ड्रेसाज टेस्टला (ठरलेल्या चाली करून दाखवायच्या घोडेस्वारी परीक्षेला) जजनी १० पैकी ५ दिले, शेरा काय तर फक्त मान वळतेय (खरंय म्हणा, व्हिडिओत मलाच दिसलं). कोच म्हणतात आतला लगाम ओढू नकोस, बाहेरचा धर, पण तसं केलं की घोडीबाई भिंतीला चिकटतात. १० मीटरच्या सर्कलमधून काढून बघितलं, चार पावलं तीन ट्रॅकवर (म्हणजे पाय तीन रेषांत पडतात, तसे हवे तसे) येतात नि मग परत सरळ. आधी लेग-यील्ड (स्वाराच्या पायाच्या दाबाने आडवं सरकणं) पक्कं करू की वॉकमध्येच (साध्या चालीतच) शोल्डर-इन घेत राहू? आणि जजिंग केलेलं कोणी असेल तर सांगा ना, कोन कमी पण ठेका टिकलेला चालतो का?