मालवणला मोठं मत्स्यालय हवं की नको?

किनारपट्टी
सी वर्ल्डचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात, म्हणून नीट चर्चा व्हावी यासाठी धागा काढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला समुद्री जीवांवर आधारित मोठं पर्यटन केंद्र करायची सरकारची योजना होती. आधी हजाराहून जास्त एकर जमीन मागितली, गावांनी विरोध केल्यावर आकडा साडेतीनशेच्या आसपास आला, आणि घोडं तिथेच अडलं.

माझं मत: मत्स्यालय हवंच. पावसाळ्यात स्कूबा बंद, किल्ल्यावर जाणारी होडी बंद, डॉल्फिन दाखवायच्या फेऱ्या बंद. जून ते ऑगस्ट होमस्टेच्या खोल्या रिकाम्या आणि होडीवाले घरी. ‘गुलदार’ युद्धनौका निवतीजवळ बुडवून पाण्याखाली संग्रहालय करायचं ठरलंय, ते चांगलंच आहे, पण पावसात तिथेही कोणी जाऊ शकणार नाही. शिवाय उरलेल्या महिन्यांत तरी पाण्यात कोण उतरतं? सत्तरीच्या आजीने, चार वर्षांच्या पोराने मालवणच्या समुद्रात काय आहे ते कधी बघायचंच नाही का?

अहमदाबादला समुद्र नाही, तरी २०२१ मध्ये तिथल्या सायन्स सिटीत सुमारे २६० कोटींचं मत्स्यालय उभं राहिलं. आपण मात्र अजून जागेवरच.

खारं_पाणी
पूर्ण असहमत. अहमदाबादचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. समुद्र नसलेल्या शहरात मत्स्यालय होतं, तर मग ते किनाऱ्यावरच्या गावाच्या उरावर कशाला?

आणि देखभालीचं काय? मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. नूतनीकरण होऊन २०१५ ला पुन्हा उघडलं, काचेच्या बोगद्यातून जायला रांगा लागल्या. पुढे करोनात बंद झालं ते वर्षानुवर्षं बंदच राहिलं. आपल्याकडे उद्घाटनाला पैसा मिळतो, पंप बदलायला मिळत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मालवणात किती दिवस वीज नव्हती ते आठवा. घरातला फ्रीज बंद पडला तर मासळी फेकून देता येते. टाकीतले जिवंत मासे प्राणवायूविना काही तासांत मरतात.

काचेपलीकडे
खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो म्हणून लिहितोय. विजेची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय आहे: दोन स्वतंत्र जनरेटर आणि डिझेलचा साठा. खरी अडचण पाण्याची. पावसात खाडीच्या तोंडाशी समुद्र गढूळ होतो आणि खारटपणा उतरतो. ते पाणी थेट टाकीत घेतलं तर मासे तग धरत नाहीत. म्हणून पाणी आधीच साठवून तेच गाळून पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू गाळणीत वाढायला कित्येक आठवडे लागतात. टाकी मुरल्याशिवाय मासे सोडले की पहिल्याच महिन्यात मरतात, आणि मंत्र्यांच्या तारखेसाठी घाई झाली की हमखास हेच होतं.

तरीही मी बाजूने आहे. कॅलिफोर्नियात माँटेरीला मासे डबाबंद करायच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर १९८४ साली मत्स्यालय सुरू झालं. समोरच्याच उपसागराचं पाणी, तिथलेच जीव. आपल्याकडेही बाहेरचे रंगीबेरंगी मासे आणून मिरवू नका. पेडव्यांचा थवा एकदम वळतो तेव्हा अख्खी टाकी क्षणभर चांदीसारखी चमकते. वागळी वाळूत अंग पुरून घेते आणि फक्त डोळे वर ठेवते. ज्या पोराने मासा फक्त ताटात पाहिलाय, त्याने हे बघायला हवं.

खारं_पाणी
पाण्याची माहिती पटली. पण मोठ्या काचेचा हव्यास नको एवढं तरी मान्य करा. १६ डिसेंबर २०२२ ला बर्लिनमधली हॉटेलातली उंच टाकी फुटली. दहा लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत गेलं, दीड हजार माशांतले जवळजवळ सगळे मेले. पहाट होती म्हणून माणसं वाचली.

वायंगणीकर
मासे दाखवा, आमचो इरोध नाय. पण मासे ठेवूक इतकी जमीन कित्याक होयी, ह्याचा उत्तर आमका आजून कोणी दिल्यान नाय. टाकेक किती जागा लागता? मगे बाकीच्या जमिनीत हॉटेलाच होतली मा?

हंयसर एकेका सातबारार पंधरा-वीस नावा. अर्धी मुंबैक. मोबदलो वाटूक बसलास तर एकेकाच्या हातात कितीसो पडतलो? आंबो-काजू मात्र कायमचो गेलो. आनि किनाऱ्यारसून जाळा ओढणाऱ्या रापणकारांका उद्या किनाऱ्यार येवक कोण देतलो?

झाडगाव
वायंगणीकरांशी शंभर टक्के सहमत. नवीन कशाला? रत्नागिरीत झाडगावला कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहेच. देवमाशाचा आख्खा सांगाडा आहे तिथे. शाळेच्या सहली येतात, मुलं त्या सांगाड्यापाशी थांबतात आणि हलायला तयार नसतात. माशांतलं शिक्षण घेतलेली माणसंही तिथे आहेत. आधी त्या केंद्राला टाक्या आणि माणसं द्या. पाच वर्षं ते नीट चालवून दाखवा, मग मालवणचं बोला.

किनारपट्टी
@झाडगाव, रत्नागिरीला निधी द्या, जरूर द्या. पण रत्नागिरीतल्या टाक्यांनी देवबागच्या होमस्टेची जुलैतली खोली भरणार नाही.

@वायंगणीकर, तुमचा प्रश्न रास्त आहे. मत्स्यालयाला शेकडो एकर लागत नाहीत हे मीही म्हणतो. मालवण शहराजवळ सरकारच्या ताब्यातली काही एकर जागा पुरेल, हॉटेल एकही नको. राहायची सोय गावातल्या घरांतूनच व्हावी. तिकिटाच्या पैशातला ठरावीक हिस्सा देखभालीसाठी वेगळा ठेवायचा, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. डॉल्फिनचे खेळ तर नकोतच, २०१३ पासून देशात त्याला परवानगीही नाही.

वायंगणीकर
ह्या सगळा लिहून देतले काय? आमच्या ग्रामसभेत, सगळ्यांच्या समोर, सातबाऱ्याचे नंबर घालून? तसा झाला तर मिया पयलो सही करीन. तोपर्यंत नाय.

काचेपलीकडे
त्यात आणखी एक कलम घाला: टाक्या सांभाळायला कोळ्यांच्या, गाबितांच्या पोरांना घ्या. कुठल्या महिन्यात कुठला मासा किनाऱ्याला येतो आणि काय खातो, हे त्यांना शिकवावं लागत नाही.