आजीची विरलेली गोधडी उसवावी की ठिगळे लावावीत?

प्रश्न:
आजीने नऊवारी लुगड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी मधोमध विरली आहे, कडा मात्र अजून धड आहेत. ती सगळी उसवून पुन्हा शिवावी का, आणि हातशिलाईसाठी कोणती साधने घ्यावीत?

प्रतिसाद १:
सगळी मुळीच उसवू नका, कारण इतके जुने सुती कापड त्या टाक्यांच्या आधारानेच तग धरून असते. विरलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन बोटे मोठे ठिगळ घेऊन त्याच्या कडा आत दुमडाव्यात आणि धावदोरा ठिगळाच्या पलीकडे, धड कापडापर्यंत न्यावा. ठिगळ वापरून मऊ झालेल्या सुती साडीचे असावे; कोरे कापड पहिल्याच धुण्यात आटते आणि भोवती चुण्या पडतात.

प्रतिसाद २:
साधनांच्या दर्जात काटकसर करू नये. लांब, मोठ्या नेढ्याची सुई, पक्का सुती दोरा आणि मधल्या बोटात धातूचे अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी) एवढे पुरते. दाभण (जाड, मोठी सुई) मात्र नको, कारण त्याने पडलेले भोक विरलेल्या कापडात फाटत जाते. दोऱ्यावर मेण फिरवल्यास गुंता कमी होतो.

प्रतिसाद ३:
शिवण्याआधी, विरलेल्या जागी जाळीदार कापड टाचून, गोधडी रिठ्याच्या थंड पाण्यात धुवावी आणि न पिळता सावलीत आडवी पसरावी. मी एकदा ओली वाकळ दोरीवर टाकली आणि ती स्वतःच्याच वजनाने फाटली.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. उसवणे रद्द केले; लुगड्याचा एक जुना तुकडा ट्रंकेत सापडला आहे, त्याचेच ठिगळ लावते.