गेमिंग + स्ट्रीमिंग पीसी, बजेट ६० हजार (नाशिक) – ग्राफिक कार्ड कुठलं घेऊ?

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी पीसी असेंबल करायचाय. बजेट ६० हजार, फुल एचडी मॉनिटर आणि कीबोर्ड-माऊस घरात आहेत त्यामुळे सगळे पैसे कॅबिनेटच्या आतच जाणार. गेम म्हणजे व्हॅलोरंट आणि जीटीए ५, आणि खेळता खेळता त्याच मशीनवरून मराठीत लाईव्ह जायचंय. यातले बरेचसे पैसे त्याने द्राक्षाच्या सीझनला पॅकहाऊसला काम करून साठवलेत, म्हणून जरा खोदून विचारतोय.

इथल्या एका दुकानातून कोटेशन घेतलं: रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, आरएक्स ६५०० एक्सटी, आणि शेवटच्या ओळीत नुसतं 'एसएमपीएस ४५० वॅट' (म्हणजे पॉवर सप्लाय), ना कंपनी ना मॉडेल. रॅम पण १६ ची एकच स्टिक, ८-८ च्या दोन नाहीत, म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन स्टिक जोडीने चालून मिळणारा जास्तीचा वेग) गेलं. प्रोसेसरबद्दल तक्रार नाही, ६ कोर १२ थ्रेड, चांगलाच आहे. पण ६५०० एक्सटी मला अजिबात पटत नाहीये कारण त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच (स्ट्रीमसाठी व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) दिलेला नाही, म्हणजे ओबीएसवर (स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) स्ट्रीम लावली की सगळा भार प्रोसेसरवर, आणि त्याच्यावर तर गेम आधीच चालू असणार. नुसतं खेळणाऱ्याला एकवेळ चालून जाईल, स्ट्रीम करणाऱ्याला नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणे सगळे हेच नेतात.

आता माझ्या डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, ५६०० तसाच ठेवून आरटीएक्स ३०५० ८ जीबी, त्यात एनव्हीएन्क (एनव्हिडियाचा स्वतःचा एन्कोडर) आहे, ट्विचला (लाईव्ह स्ट्रीमिंगची साइट) ६००० केबीपीएसमध्येच बसवायचं असतं तर तेवढ्यात पिक्चर कमी फाटेल. दुसरा, आय५ १२४०० आणि आरएक्स ६६००. गेममध्ये ६६०० हे ३०५० पेक्षा सरळ पुढे आहे, पण एएमडीचं एच२६४ (स्ट्रीमचा नेहमीचा व्हिडिओ फॉरमॅट) एन्कोडिंग धावपळीच्या सीनला धुरकट होतं असं बऱ्याच जणांचं म्हणणं. म्हणून १२४०० एफ न घेता साधा १२४०० घ्यायचा, त्याच्यात इनबिल्ट ग्राफिक्स असतं, स्ट्रीम क्विक सिंकवर (त्या इनबिल्ट ग्राफिक्समधला इंटेलचा एन्कोडर) टाकायची आणि ६६०० फक्त गेमसाठी मोकळं ठेवायचं. मला हाच पर्याय जास्त आवडलाय. असा सेटअप कोणी रोज वापरतंय का? दोन्ही ग्राफिक्स एकत्र चालू ठेवताना ओबीएसमध्ये फ्रेम ड्रॉप होतात का, बायोसमध्ये काही वेगळं सेटिंग लागतं का?

अजून एक, आम्ही सिडकोत राहतो, पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे यूपीएस घ्यावाच लागणार. स्वस्त यूपीएसची साइन वेव्ह शुद्ध नसते, त्याच्यावर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला) एसएमपीएस लाईट गेल्या गेल्या बंद पडू शकतो असं वाचलं. ५५० वॅट ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचं रेटिंग) एसएमपीएस धरलाय, तर कितीचा यूपीएस बघू? एसएमपीएसमध्ये पैसे वाचवायचे नाहीत हे पक्कं आहे, हवं तर एलईडीवाल्या फॅनचं कॅबिनेट सोडू, फक्त पुढून जाळी पाहिजे कारण एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या आसपास जातो.

आणि खरेदी कुठून करावी? ऑनलाईन, मुंबईला लॅमिंग्टन रोड, की कॉलेज रोड-शालिमारच्या बाजूला पक्कं जीएसटी बिल देणारं आणि वॉरंटीला टोलवाटोलवी न करणारं कोणी आहे? दुकानाचं नाव इथे नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मदरबोर्ड अजून ठरवला नाहीये, प्रोसेसर फायनल झाला की तो बघू.