'नदी सगळं देते' म्हणे! ॲमेझॉनकाठच्या गावांचा हिशेब

खडूस नावाडी:
कालपासून एक पोस्ट फिरतेय: "ॲमेझॉनकाठच्या खेड्यात महिनाभर एक दमडी लागत नाही. नदी मासे देते, जंगल फळं देतं, वीज नाही म्हणून झोप गाढ. आणि आपण बसलोय हप्ते भरत." खाली बदामांची रास. डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

ब्राझीलमधल्या तेफेच्या आसपासची, सोलिमोइंस नदीकाठची (ॲमेझॉनचंच तिथलं नाव) गावं घ्या. पहिला खर्च पेट्रोल. दवाखाना, बाजार, सरकारी अनुदानाचे पैसे काढणं, सगळं तालुक्याला आणि सगळं होडीनं. होडीच्या मागं 'रबेता': साडेपाच हॉर्सपॉवरचं, हवेवर थंड होणारं इंजिन, आपल्याकडे शेतपंपाला असतं तसलंच. त्याला लांबलचक दांडा, टोकाला पंखा. ओंडका आडवा आला की मूठ खाली दाबायची, पंखा पाण्याबाहेर. साधं, दणकट. पण जोरात पळवलं तर तासाला लिटर-दीड लिटर पितं. तालुका चार तासांवर असेल तर जाऊन-येऊन दहा-बारा लिटर, प्रवाह उलटा असेल तिकडं आणखी. आणि पेट्रोल मानौसहून, म्हणजे खालच्या अंगाच्या मोठ्या शहरातून, जेवढं वर चढतं तेवढं महागतं. दमडी लागत नाही म्हणे!

पाण्याचंही तेच. अँडीजचा गाळ घेऊन आलेलं गढूळ पाणी आहे ते. आरोग्यसेवक 2.5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट देतो: लिटरला 2 थेंब, मग अर्धा तास थांबायचं. पण गढूळ पाण्यात थेंब टाकले तर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, जंतू मजेत. आधी रात्रभर निवळायचं, वरचं पाणी फडक्यातून गाळायचं, मग थेंब. निवळायचं राहिलं की पोरांना हगवण लागलीच. पोस्टकर्त्यानं त्यातलं पेलाभर प्यावं, मग मीही बदाम देईन.

पाणकावळा:
हिशेब बरोबर, सूर चुकीचा. त्या माणसांना तुम्ही पार बिच्चारं करून टाकलंत. मानौसला नदी वर्षाकाठी सरासरी दहा मीटर चढते-उतरते, म्हणजे तीन मजले. 2019 ला कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरलं तेव्हा आपण बोटी शोधत होतो. तिथं घरं खांबांवरच असतात. पाणी घरात आलं की त्याच्या वर फळ्या टाकून दुसरी जमीन करतात, तिला 'मारोंबा' म्हणतात. चूल वर, कोंबड्या तराफ्यावर, कोथिंबीर आणि कांदापात जुन्या होडीत माती भरून. काही घरं तर असाकू झाडाच्या ओंडक्यांवर कायमची तरंगती.

पिरारुकूचं उदाहरण घ्या. हा अवाढव्य मासा हवा घ्यायला दहा-वीस मिनिटांनी वर येतो. मामिराउआ राखीव क्षेत्रात 1999 पासून गावचे मच्छीमारच त्याची मोजणी करतात. प्रत्येकानं नेमून दिलेल्या तुकड्यावर 20 मिनिटं नजर लावायची, वर येणारे मोजायचे. दीड मीटरवरचे वेगळे, एक ते दीडमधले वेगळे. मोठ्यांतले फार तर 30 टक्के पकडायची परवानगी मिळते. शास्त्रज्ञांनी वेगळ्या पद्धतीनं ताडून पाहिलं, आकडे जुळले. आपल्याकडे दोन गावं एका तळ्याच्या लिलावावरून एकमेकांची डोकी फोडतात.

साबुदाणाद्वेष्टा:
अवांतर, पण राहवत नाही. पेट्रोल आणि मासे झाले, ते लोक मुळात खातात काय? कसावा! ज्याचा साबुदाणा करून तुम्ही एकादशीला हाणता तोच कंद. तिकडून पोर्तुगीजांनी बाहेर काढला, फिरत फिरत आपल्याकडे आला. खिचडीतली मिरची, बटाटा, शेंगदाणा, सगळंच त्या खंडातलं. आणि म्हणे कांदा चालत नाही, उपास मोडतो!

उपासतापास:
आले हे. प्रत्येक धाग्यावर साबुदाणा. कंद विषारी असतो हेही सांगून टाका, तेवढंच राहिलंय. उकळलं की झालं, त्यात एवढं काय? केरळात कप्पा, म्हणजे हाच कंद, उकळूनच खातात, कोण मेलं?

साबुदाणाद्वेष्टा:
उकळलं की झालं? हेच वाक्य धोकादायक आहे, म्हणून जरा सविस्तर.

कप्पा गोड जातीचा, तिकडे त्याला 'माकाशेरा' म्हणतात. तो सोलून उकळला, पाणी ओतून दिलं की काम भागतं. पीठ करतात ते कडू जातीचं. त्यात लिनामरिन असतं आणि त्याला फोडून सायनाइड मोकळं करणारं विकरही (एन्झाइम) त्याच कंदात, पण वेगळ्या जागी. कंद किसला की दोघं भेटतात, सायनाइड सुटतं, उडून जातं. अख्खा कंद थेट उकळत्या पाण्यात टाकलात तर विकर आधी मरतं, लिनामरिन आतच राहतं. म्हणजे तुमचा उपाय नेमका उलटा.

तिकडची रीत: कंद सोलून तीन-चार दिवस पाण्यात, बऱ्याचदा जुन्या होडीतच, मऊ पडेपर्यंत. मग लगदा 'तिपिती'त भरायचा. ही आरुमां नावाच्या वेतासारख्या झाडाच्या पट्ट्यांची विणलेली लांब नळी. भरली की आखूड आणि फुगीर होते. आढ्याला टांगायची, खालच्या कडीत बांबू अडकवून त्यावर बसायचं. नळी ताणते, बारीक होते, रस पिळून खाली. हा रस कच्चा प्यायला तर डुक्करही मरतं. तोच भरपूर उकळला की 'तुकुपी', माशाच्या कालवणाला. तळाशी बसतं ते सत्त्व म्हणजे तुमच्या साबुदाण्याचा बाप. उरलेला चोथा चाळून मोठ्या लोखंडी तव्यावर, वल्ह्यासारख्या उलथन्यानं तासन् तास हलवत भाजायचा, तेच पीठ. आच आधी मंद. घाई केली की गोळे बांधतात, आतून ओले राहतात, आणि पोत्यात महिन्याभरात बुरशी.

उपासतापास:
धन्य! पीएचडीची शिफारस करतो. मग इतकं विषारी लावतातच कशाला? गोड लावा ना.

साबुदाणाद्वेष्टा:
कारण गोड कंद रानडुकरं आणि किडी पण खातात. उत्तर मिळालं?

उपासतापास:
मिळालं. सेलमच्या कारखान्यात सत्त्व धुऊन धुऊन निवळतात, तेव्हा माझी खिचडी सुरक्षित आहे, एवढंही लिहा की. की ते गैरसोयीचं?

साबुदाणाद्वेष्टा:
सुरक्षित आहे. पौष्टिक आहे असं मी म्हणणार नाही.

खडूस नावाडी:
झालं का तुमचं? धागा गावाचा होता. तरी बरं, मुद्दा आपसूक माझ्याकडेच आला. साधारण चार किलो कंदांतून किलोभर पीठ निघतं. हल्ली किसायला इंजिन, म्हणजे पुन्हा पेट्रोल. भाजायला लाकडाचा ढीग. पूरक्षेत्रात सहा महिन्यांत तयार होणारी जात लावतात, कारण पाणी येतं. पाणी दोन आठवडे आधी आलं तर अख्खं गाव रात्रंदिवस कोवळे कंद उपसतं. पाण्याखाली राहिलेला कंद काही दिवसांत सडतो. मग त्या वर्षी पीठ विकत. कशानं? पैशानं.

आणि पाणकावळासाहेब, पिरारुकूचं कौतुक मान्य. पण वर्षभर तळ्यावर रात्रीची पाळत कोण देतं, तिला पेट्रोल कोण, बर्फ कुठून? मासेमारी असते पाणी सर्वांत कमी असताना. 2023 च्या ऑक्टोबरात मानौसला नदी 12.70 मीटरवर आली, पुढच्या वर्षी त्याहून खाली. तेफेच्या तळ्यात शंभराहून जास्त डॉल्फिन मेले. वाटेतले ओढे आटले की तळ्यात मासा असून बर्फाची बोट पोचत नाही.

पाणकावळा:
दुष्काळाचं मान्य, नाइलाजानं. पण तुमच्याच यादीत बघा, प्रत्येक अडचणीवर तोडगा त्यांचाच आहे: निवळणं, तिपिती, सहामाही जात. अडतं ते बाहेरून येणाऱ्या गोष्टीवर. जराराका साप चावला की प्रतिविष तालुक्याच्या दवाखान्यात, कारण ते थंड ठेवावं लागतं आणि गावचा जनरेटर संध्याकाळचे तीन-चार तास. यात नदीचा काय दोष?

खडूस नावाडी:
नदीला दोष दिलाच कुठं? दोष त्या पोस्टला. पण जनरेटरचा मुद्दा चांगला काढलात, माझ्या डिझेलच्या रकान्यात टाकतो.

उपासतापास:
मी आपली येत्या एकादशीला भगर खाईन. वाद नको.

साबुदाणाद्वेष्टा:
सुटं पीठ घेऊ नका. भगरीला बुरशी लागते, दर वर्षी उपासाच्या दिवसांत विषबाधेच्या बातम्या येतात. अख्खी घ्या, निवडा, घरी दळा.

खडूस नावाडी:
संपादक, धाग्याचं नाव बदला.